गेममधली दुर्गा मराठी का बोलत नाही?



आपल्या अंकात दर वेळी सहलीचं वर्णन असतं, 'माझा आवडता सण' असतो आणि कुणाच्या तरी आईची पाककृती असते. ते सगळं छानच असतं. (भाजणीच्या चकलीची कृती आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेली आहे.) पण शनिवारी वर्ग सुटला की गाड्या येईपर्यंत आम्ही मुलं ज्या विषयावर तावातावानं भांडतो, त्यावर इथं कुणीच लिहीत नाही. तो विषय म्हणजे व्हिडिओ गेम, कार्टून आणि गाणी. आणि गंमत अशी, की आत दीड तास मराठी बोललेली तीच मुलं दाराबाहेर पाय पडताच इंग्रजी सुरू करतात. गेमबद्दल मराठीतही भांडता येतं, हे कुणाला सुचतच नाही. म्हणून मी बाईंना म्हटलं, या वेळी दोन पानं मला द्या. त्यांनी दोन दिली, मी जरा जास्तच घेतली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना थेट पाककृतीकडे जाता येईल. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मराठी ही हुकमांची भाषा झाली आहे. जेव, झोप, बूट काढून आत ये, आजीशी दोन मिनिटं बोल, तो आवाज कमी कर. मजेची भाषा मात्र इंग्रजी. यात आईबाबांचा दोष आहे असं मी म्हणत नाही, त्यांना हुकूम सोडावे लागतात कारण आम्ही ऐकत नाही. पण ज्या भाषेत कधी खदखदून हसू आलं नाही, चुरस लागली नाही, गाणं दिवसभर डोक्यात घोळलं नाही, ती भाषा आम्ही कॉलेजला गेल्यावर बोलूच कशाला? व्याकरण शिकवून हा प्रश्न सुटायचा नाही. त्याला करमणूकच लागते, आणि तीही चांगल्या प्रतीची.

आता मुद्द्यावर येते. तुमच्यापैकी किती जणांनी 'राजी' नावाचा गेम खेळला आहे? 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हे त्याचं पूर्ण नाव. तो २०२० साली आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग बाकीच्या यंत्रांवर. केला कुणी? जपान्यांनी नाही, अमेरिकनांनी नाही. आपल्या पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्याशा कंपनीनं केला. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणीसारखे पैसे जमवायचा प्रयत्न केला होता. तो फसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्याच गेमसाठी असलेल्या बक्षिसाच्या यादीत 'राजी'चं नाव लागलं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला मिळालं ते सोडा. पुण्याचा गेम तिथवर गेला, हे मला आमच्या वर्गातल्या आयरिश मुलांना सांगताना फार बरं वाटलं.

गोष्ट सोपी आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या जत्रेत राक्षस येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. मग दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढं विष्णूकडून धनुष्य मिळतं, आणि ही पोरगी भिंतींवरून धावत, खांबांना गिरक्या घेत राक्षसांना लोळवत सुटते. महाल राजस्थानी धाटणीचे आहेत. मधल्या कथा कळसूत्री सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितल्या आहेत, त्या मला सगळ्यात आवडल्या. चक्राचे तुकडे फिरवून चित्र जुळवायची कोडी आहेत, ती माझ्या धाकट्या भावालाही सुटली. आणि मुख्य म्हणजे नायिका मुलगी आहे, आणि ती भावाला सोडवायला जाते. राखीच्या दिवशी भावानं बहिणीचं रक्षण करायचं असतं असं ज्यांचं म्हणणं असेल, त्यांनी हा गेम जरूर खेळावा.

नुसतं कौतुक करणार नाही. कॅमेरा इतका लांब ठेवला आहे की राजी कधी कधी मुंगीएवढी दिसते. उड्या नेमक्या ऐन वेळी चुकतात. मारामाऱ्या नंतर नंतर त्याच त्या वाटतात. आणि गेम लहान आहे, पावसाळी शनिवार-रविवारात सहज उरकतो. शेवट तर असा मध्येच तुटतो की मला वाटलं, घरातली वीजच गेली.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. पुण्यात जन्मलेल्या या गेममध्ये दुर्गा इंग्रजी बोलते. विष्णू इंग्रजी बोलतो. राजी गोलूला हाक मारते तीही इंग्रजीत. २०२२ साली नवी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्यांना हिंदी आवाज मिळाले. ते ऐकून खूप फरक पडतो, राजी एकदम खरी वाटायला लागते. मग आमच्या मनात लगेच येतं, अजून एक पाऊल पुढं टाकलं असतं तर? सदाशिव पेठेत जी भाषा ऐकू येते, ती त्या गेममध्ये का ऐकू येऊ नये?

कंपनीला दोष द्यायचा नाही. छोट्या कंपनीला पैसा जपूनच वापरावा लागतो, आणि गेम जगभर विकायचा तर इंग्रजी आधी. मला हे पटतं. पण आपण बसून एकदा कल्पना तरी करून पाहू, की 'राजी' मराठीत कसा झाला असता. मी आणि भावानं एका रविवारी हा उद्योग केला आणि चांगले दोन तास भांडलो.

पहिलंच भांडण 'यू' या शब्दावरून. इंग्रजीत देवापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना 'यू'. मराठीत तसं चालत नाही. राजी दुर्गेला काय म्हणेल? 'तू'च म्हणेल. देवीला आपण आई म्हणतो आणि आईला कुणी 'अहो' म्हणत नाही. विठ्ठलालाही वारकरी 'तू'च म्हणतात. पण मग दुर्गा आणि विष्णू वरून बघत बघत एकमेकांशी बोलतात, क्रिकेटच्या समालोचकांसारखे, ते काय म्हणतील? भाऊ म्हणाला 'आपण'. मी म्हटलं, इतक्या युगांची ओळख असताना 'आपण' कसलं, ती 'अरे' म्हणेल. आमच्याकडे बाबांना 'ए बाबा' म्हणायची पद्धत आहे, आमच्या ओळखीच्या एका कोल्हापूरच्या कुटुंबात 'अहो बाबा' म्हणतात. आजी सगळीकडे 'तू', आजोबा मात्र बऱ्याच ठिकाणी 'तुम्ही'. म्हणजे मराठी 'राजी' करायचा तर आधी ठरवावं लागणार की ही पोरगी कुठल्या गावची आणि कुठल्या घरातली. इंग्रजीत हे ठरवायची वेळच येत नाही. आणि हेच तर मला हवं आहे! एका शब्दात अख्खं घर दिसतं.

गोलूला ती नक्कीच 'गोल्या' म्हणणार. राक्षसाला मालवणी द्यावी असं मी सुचवलं होतं, पण आईचं माहेर तिकडचं असल्यामुळे तो ठराव नामंजूर झाला.

दुसरी गोष्ट अशी लक्षात आली, की गेमबद्दल बोलायला मराठीत शब्द नाहीत असं जे आम्ही मुलं म्हणतो, ते साफ खोटं आहे. संगणकाचे शब्द नसतील. 'लेव्हल'ला 'लेव्हल'च म्हणा, माझी काही हरकत नाही. पण खेळण्याचे शब्द? ते तर आपल्याकडे पोत्यानं आहेत. भिडू, गडी, डाव, हुलकावणी, चकवा. ज्याच्यावर पकडायची पाळी येते त्याच्यावर 'राज्य' येतं, म्हणजे चक्क राजा झाल्यासारखं वाटायला हवं, पण रडू येतं. हरायला लागल्यावर नियम बदलणारा तो 'रडीचा डाव' खेळतो. असा मुलगा आपल्या वर्गात एक आहे, नाव सांगत नाही. शेवटच्या मोठ्या राक्षसाला 'बॉस' कशाला म्हणायचं, 'म्होरक्या' म्हणा ना! आणि सगळ्यात झकास शब्द म्हणजे 'लिंबूटिंबू'. जो लहान आहे, खेळात आहे, पण ज्याचा आउट धरायचा नाही, तो लिंबूटिंबू. मोठी ताई खेळताना धाकट्याच्या हातात न जोडलेला कंट्रोलर देते आणि तो बटणं दाबत खूश राहतो, हे दृश्य घरोघर असतं ना? इंग्रजीत त्या पोराला काय म्हणतात ते मला कुणी सांगितलं तर मी त्याला चॉकलेट देईन. मराठीत त्याला लिंबूटिंबू म्हणतात, आणि हा शब्द गल्लीत डबा ऐसपैस खेळणाऱ्या मुलांनी कंट्रोलर यायच्या कितीतरी आधी करून ठेवला आहे.

कार्टूनकडे वळते. इथं आपली बाजू जुनी आणि भक्कम आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला १९१३ साली, हे आपण वर्गात शिकलो. पण १९१५ साली त्यांनी आगकाड्या एकेक करून हलवून, त्यांची चित्रं घेऊन 'आगकाड्यांची मौज' नावाची फिल्म केली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? मूकपट होता, म्हणजे भाषेचा प्रश्नच नव्हता. पुढं प्रभात कंपनीनं पुण्यात १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्र काढलं. म्हणजे मिकी माऊस जेमतेम सहा वर्षांचा असताना आपल्याकडेही हे काम चालू होतं. आणि मग? मग मोठी पोकळी. मुंबई-पुण्यात चित्रं काढणारे चिक्कार झाले. २०१२ सालचा 'दिल्ली सफारी' पुण्यातल्या क्रेयॉन पिक्चर्सनं केला, पण त्यातली जनावरं हिंदी बोलतात. हात मराठी मुलखातले, तोंड दुसऱ्याच भाषेचं, असं काहीसं झालं आहे.

१९९२ सालचा 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' पाहिला नसेल तर पाहा. युगो साको या जपानी माणसानं राम मोहन यांना बरोबर घेऊन केलेला. मला विचाराल तर रामायणावरचं इतकं देखणं काम दुसरं झालेलं नाही. आकाशाचे रंग, जंगलातला उजेड, कुंभकर्णाचं उठणं, वा! तो २४ जानेवारी २०२५ रोजी भारतात चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार भाषांत लागला. राम-सीता वनवासात राहिली ती पंचवटी आपल्या नाशकातली मानतात. तिथल्या मुलांनी तो हिंदीत पाहिला असणार. कुणी तक्रार केल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

इथं मोठ्यांना एक प्रश्न. तुम्ही आम्हाला सारखं म्हणता, 'ती इंग्रजी कार्टूनं बंद करा.' पण तुमच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली यायचा, १९९३ साली सुरू झालेला, आणि त्याचं गाणं लागलं की आमच्या घरातली चाळिशीची मंडळी अजून हातातलं काम टाकून गायला लागतात. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत. कार्टून जपानी, भाषा हिंदी. 'डक टेल्स'मधली बदकंही हिंदीच बोलायची. म्हणजे मजेची भाषा परकी असणं हे काही आयर्लंडला आल्यावर सुरू झालेलं नाही. ते पुण्या-मुंबईतच सुरू झालं होतं. आता माझा पुण्याचा मावसभाऊ डोरेमॉन आणि शिनचॅन बघून खेळताना हिंदी बोलतो, मी खेळताना इंग्रजी बोलते, आणि आम्ही दोघं आजीसमोर मराठी बोलतो. तिघांची भेट व्हिडिओ कॉलवर झाली की भाषेची खिचडी होते. खिचडी मला आवडते, पण रोज नको.

'आपली भाषा ती केवढीशी, तिच्यात कार्टून कोण करणार?' असं कुणी म्हणालं की मी त्याला आपल्याच गावात फिरवून आणते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाखांच्या आसपास होते. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत शाळेच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे किती निघाले? ७१,९६८. पुन्हा वाचा, लाखसुद्धा नाहीत. आणि या भाषेत काय काय आहे पाहा. टीजी ४ ही वाहिनी ३१ ऑक्टोबर १९९६ ला सुरू झाली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं चळवळ केली, काही जण टीव्हीचा परवाना घ्यायला नकार देऊन तुरुंगात गेले. तिच्यावर स्पंजबॉब आयरिश बोलतो! आणि २०२३ पासून मुलांसाठी 'कूला ४' ही आयरिशमधली वेगळी वाहिनी आहे. आपल्या क्लोनडॉकिनमध्ये तर गेलस्कॉल आहेत, ऑर्चर्ड रोडवर आरस क्रोनॉन हे केंद्र आहे, आणि २०१८ साली देशातल्या पहिल्या पाच आयरिश-भाषा जाळ्यांत आपलं गाव निवडलं गेलं. आपण खरेदीला जातो तेव्हा पाट्यांवर दोन भाषा दिसतात त्या उगाच नाहीत.

आता म्हणाल, त्यांना सरकारचे पैसे मिळतात. मिळतात, बरोबर आहे. पण पैशाच्या आधी कुणाला तरी वाटावं लागतं, की मुलांच्या मजेसाठी भांडणं हे मोठ्यांचं काम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण वर्गात पेढे वाटले. मला आनंद झाला, पेढाही चांगला होता. पण अभिजात म्हणजे जुनी आणि थोर. माझ्या सहा वर्षांच्या चुलत बहिणीला थोर भाषा नको आहे. तिला बोलणारा हत्ती हवा आहे.

आणि आयरिश लोकांनी नुसती परक्या कार्टूनची भाषा बदलली असं नाही, स्वतःचीही केली. याची मुळं आपल्या अगदी शेजारी आहेत. १९८० च्या दशकात डॉन ब्लूथ हे अमेरिकन चित्रकार आपला स्टुडिओ डब्लिनला घेऊन आले, 'द लँड बिफोर टाइम' (१९८८) त्यातूनच निघाला. त्यांना हाताखाली माणसं हवी होती म्हणून बॅलिफर्मटच्या कॉलेजात चित्रपटांसाठी चित्रं काढायचं शिक्षण सुरू झालं. बॅलिफर्मट म्हणजे आपल्या पलीकडचंच! पुढं ब्लूथचा स्टुडिओ बंद पडला, पण त्या कॉलेजात शिकलेल्या टॉम मूर आणि नोरा टूमी यांनी पॉल यंगना घेऊन १९९९ साली किलकेनीला 'कार्टून सलून' काढलं. 'द सीक्रेट ऑफ केल्स' (२००९), 'साँग ऑफ द सी' (२०१४), 'द ब्रेडविनर' (२०१७), 'वुल्फवॉकर्स' (२०२०). या चारही चित्रपटांना ऑस्करची नामांकनं मिळाली.

माझा क्रम सांगू? 'साँग ऑफ द सी' पहिला, मग 'वुल्फवॉकर्स', मग 'केल्स'. 'ब्रेडविनर' मी क्रमात धरत नाही, तो फार वेगळा आणि जड आहे, लहानांनी मोठ्यांबरोबर पाहावा. आईला 'केल्स' सगळ्यात आवडतो, कारण त्यातली चित्रं तिला पोथीच्या पानांसारखी आणि रांगोळीसारखी वाटतात. तो पाहताना आपला टॉवर आठवतो. व्हायकिंग लोकांची धास्ती, मठ, आणि पोथी वाचवायची धडपड. क्लोनडॉकिनलाही असाच मठ होता, व्हायकिंग इथंही आले होते, आणि इथल्या एका जुन्या प्रार्थनेच्या पोथीची पानं आज जर्मनीत कार्ल्सरुहे इथल्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे आपण ज्या टॉवरपाशी आइसक्रीम खात बसतो, त्याची जवळजवळ हीच गोष्ट आहे.

'साँग ऑफ द सी' मला का आवडतो, तर त्यात समुद्रातल्या सीलची माणसं होतात अशी इथली लोककथा आहे, ती आजच्या मुलांच्या भांडणात बसवली आहे. बेन आपल्या न बोलणाऱ्या धाकट्या बहिणीवर, सिअर्शावर, सारखा चिडलेला असतो. अगदी खऱ्या दादासारखा. आणि इंग्रजी चित्रपटातही गाणं मध्येच आयरिशमध्ये शिरतं, कुणी खाली अर्थ समजावत बसत नाही. ज्यांना कळतं त्यांना कळतं, बाकीच्यांना सूर पुरतो. हा चित्रपट पूर्ण आयरिशमध्येही केला आहे. तो मी मैत्रिणीकडे पाहिला. मला अर्धंच कळलं, पण तिची आजी पूर्ण वेळ हसत होती. माझ्या आजीला माझ्याबरोबर बसून हसता येईल असं एक कार्टून मला हवं आहे, एवढंच. आपल्याकडे गोष्टींची काय कमी आहे? भोपळ्यात बसून टुणुक टुणुक जाणारी म्हातारी आहे. चिमणी-कावळ्याचं मेणाचं आणि शेणाचं घर आहे. 'चिंटू' आहे, १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 'सकाळ'मध्ये रंगवलेला. त्यावर २०१२ साली चित्रपट आला, पण तो खऱ्या मुलांना घेऊन केलेला. कार्टून सलूनच्या हातात आपली ती म्हातारी पडली असती तर तिचा लाल भोपळा आणि ते जंगल कसं दिसलं असतं, याचा विचार करून मी वहीत चार पानं रंगवली आहेत.

गाण्यांत मात्र आपलं बरं चाललंय. खरं म्हणजे उत्तमच. 'सैराट' (२०१६) मधलं 'झिंगाट' लागलं की आमच्या वाढदिवसांना आयरिश, पोलिश, नायजेरियन सगळी पोरं नाचतात आणि अर्थ कुणीही विचारत नाही. त्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन मोठा ऑर्केस्ट्रा वाजवून आले होते. २०१८ साली 'धडक'साठी 'झिंगाट' हिंदीत केलं. ऐकून पाहा. चाल तीच, ताल तोच, पण काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं, ते तर क्लबात वाजणाऱ्या ठेक्यावर चक्क मराठी. बाबांना ते आवडत नाही. त्यांना 'नाच रे मोरा' हेच मुलांचं गाणं वाटतं. ते सुंदरच आहे, माडगूळकरांचे शब्द, पु. लं.ची चाल, आशाबाईंचा आवाज. पण ते १९५३ सालच्या 'देवबाप्पा'मधलं आहे, बाबांचाही तेव्हा जन्म नव्हता! प्रत्येक स्नेहसंमेलनात तोच मोर किती वर्षं नाचवायचा? त्याला आता पेन्शन द्या.

गॉलवेकडे इन्व्हेरिन इथं कोलॉश्ता लुरगन म्हणून उन्हाळी आयरिश शाळा भरते. २०१३ च्या उन्हाळ्यात तिथल्या मुलांनी अविचीचं 'वेक मी अप' आयरिशमध्ये गाऊन त्याचा व्हिडिओ केला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. शाळेत सक्तीची म्हणून ज्या भाषेचा कंटाळा करायचे, तिच्यात मुलं बेभान गाताना दिसतात. हे काम आपल्यालाही जमेल. त्याला ना सरकार लागतं ना ऑर्केस्ट्रा.

तर आता कामाचं बोलते. माझ्या डोक्यात सध्या 'लॅम्पुट' आहे. मुंबईच्या वैभव कुमारेश यांनी केलेलं हे कार्टून, नारिंगी रंगाचा एक लिबलिबीत गोळा प्रयोगशाळेतून पळतो आणि दोन शास्त्रज्ञ त्याच्या मागं धावतात. एक लुकडा, एक जाडा. त्यात कुणी एक शब्द बोलत नाही, फाळक्यांच्या आगकाड्यांसारखंच. म्हणजे मराठी आवाजासाठी जागा मोकळीच आहे! मोठ्या गटानं दोन छोट्या भागांसाठी संवाद लिहायला घेतले आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमात पडद्यावर आवाज बंद ठेवून लॅम्पुट दाखवायचा आणि आपण खाली बसून माइकवर बोलायचं, असा बेत आहे. बाईंची परवानगी मिळाली आहे, फक्त 'शिव्या नकोत' अशी अट आहे. ('मेल्या' आणि 'गाढवा' चालेल असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे.)

आम्हाला हवेत ते असे : लुकड्यासाठी एक किरटा आवाज, जाड्यासाठी एक भरदार आवाज (काका लोकांनीही यायला हरकत नाही), आदळआपट करायला दोन जण आणि एक जुनं पातेलं. लॅम्पुटला आवाज छोट्या गटातल्या कुणाचा तरी घ्यायचा आहे. त्याला वाक्यं नाहीत, नुसतं खिदळायचं आहे, त्यामुळे वाचता येत नसलं तरी चालेल. लिंबूटिंबूंचं स्वागत.

एकच गोष्ट अडली आहे. लुकडा आणि जाडा एकमेकांना 'अरे' म्हणतील की 'अहो'? भावाचं मत 'अरे', कारण रोज एकत्र धावतात. माझं ठाम मत 'अहो'. दोघं सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला असल्यासारखे दिसतात, आणि खड्ड्यात पडता पडता 'अहो, जरा माझा पाय सोडता का?' असं म्हणणं जास्त मजेशीर वाटतं. मागच्या बाकावर एक वही ठेवली आहे. तिच्यात आपलं नाव लिहा आणि पुढं 'अरे' की 'अहो' तेही लिहा. आईबाबांचंही मत धरलं जाईल, पण अर्धं.